मैलापाणी केंद्राची तक्रार करण्याआधी काय तपासावं

शहराचं मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राबद्दल ‘केंद्रातून घाण वास येतो’ एवढ्या एका ओळीच्या अर्जाला बहुतेकदा एकाच ओळीचं उत्तर मिळतं: यंत्रणा सुरळीत चालू आहे. कोकणातल्या खाडीकाठच्या शहरात हा वास भरतीमुळे असू शकतो, तुंबलेल्या चेंबरचा असू शकतो किंवा केंद्र खरोखर बंद असल्याचाही. यातलं नेमकं काय, हे कुंपणाबाहेरूनही बरंच ओळखता येतं.

आधी एक वही घाला. पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ: वेळ, वारा कुठून, पाऊस, भरती की ओहोटी, वीज होती का. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच वास वाढत असेल तर खाडीचं पाणी सोडपाइपातून (केंद्राचं शुद्ध केलेलं पाणी खाडीत सोडणाऱ्या पाइपातून) उलटं शिरत असण्याची शक्यता मोठी. तिथली एकदिशा झडप गंजते किंवा कचरा अडकून उघडी राहते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं आणि हवा नसलेल्या पाइपात जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. चेंबरचं झाकण उघडून आत मात्र कधीही वाकू नका. हा वायू वाढला की नाकाला वास कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो.

वास वीज गेल्यानंतर येत असेल तर ब्लोअरकडे, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राकडे पाहा. या हवेच्या टाकीत हवेवर जगणारे जिवाणू मैला खाऊन पाणी साफ करतात; त्यांना लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. ब्लोअर थांबला की तो फार वेळ टिकत नाही. खंड लांबला तर वीज आल्यावरही जिवाणू सावरायला कित्येक दिवस लागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावर अनेक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. म्हणून जनरेटर ब्लोअरला जोडलाय की नुसता दिव्यांना आणि पंपांना, हे लेखी विचारा.

आत पाहणीची परवानगी मिळाली तर टाकीचा रंग बघा. तपकिरी पाणी आणि ओल्या मातीचा वास असेल तर काम ठीक चाललंय. काळपट पाणी म्हणजे हवा अपुरी. वर जाड, तेलकट, तपकिरी साय म्हणजे जुना गाळ (जिवाणूंचे पुंजके) बरेच दिवस काढलेला नाही. मग ऑपरेटरला टाकीतलं एक लिटर पाणी मोजपात्रात अर्धा तास स्थिर ठेवायला सांगा. गाळ २०० ते ३०० मिलिलिटरवर बसून वरचं पाणी नितळ दिसलं तर चांगलं. ८०० च्या पुढेच अडकला तर तो बसतच नाही आणि पाण्याबरोबर खाडीत जातो. ५० देखील नसेल तर टाकीत जिवाणू फारच कमी उरलेत; मुसळधार पावसाने वाहून गेले असू शकतात.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे केंद्राचं वीजबिल. आमच्या मते मागायचा पहिला कागद तोच. ब्लोअर हा केंद्रातला सर्वांत मोठा वीजखाऊ भाग; शहराचं मैलापाणी तेवढंच असताना एखाद्या महिन्यात युनिट निम्म्यावर आले, तर हवा बंद ठेवली होती का, हे विचारायलाच हवं. माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून बारा महिन्यांची बिलं, गाळ उचलल्याच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र (केंद्र चालवायची परवानगी, त्यात पाण्याच्या मर्यादा असतात) मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे.

अहवाल संमतीपत्रातल्या मर्यादांशीच ताडून पाहा. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेरच्या केंद्रांना बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; जास्त म्हणजे पाणी घाण) लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये १० ची मर्यादा सांगितली. तुमच्या केंद्राच्या संमतीपत्रात जो आकडा असेल तोच अर्जात लिहा.

नमुना स्वच्छ कॅनमध्ये काठोकाठ भरून, बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या. ओहोटीला, सोडपाइपाच्या तोंडाशी घ्या, नाहीतर भरतीच्या पाण्याने आकडा पातळ होतो.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांना आणि प्रत मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, दोन्हीकडे पोच घेऊन द्या. सोबत वहीच्या झेरॉक्स जोडा. आणि पावसाळ्याआधी आपल्या आळीतल्या पन्हळी तपासा: छपराचं पाणी मैलावाहिनीत सोडलेलं असेल तर जुलैत केंद्र ओसंडणारच, आणि ती जोडणी आपल्यालाच काढावी लागेल.