मुलांचे बोबडे बोल कसे टिपून ठेवावेत

दोन ते पाच वर्षांच्या वयातलं बोलणं सगळ्यात खुमासदार, आणि तेच सगळ्यात लवकर विसरलं जातं. १०० पानी वही घ्या, बॉलपेनने लिहा. जेल पेनची शाई बऱ्याचदा पाणी लागलं की पसरते.

वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘करलं’ म्हणाली तर ‘करलं’च. पोर ‘बसलं’, ‘हसलं’वरून नियम उचलतं आणि तो ‘कर’लाही लावतं, म्हणजे डोकं चालतंय! आपण ‘केलं’ लिहिलं की गंमत गेली. टोकू नका, उत्तरात सहज ‘हो, केलंस ना!’ म्हणा, पुरे.

प्रसंग मात्र हवाच. ‘बाबा, त्याला कडेवर घ्या ना’ एवढंच लिहिलं तर वर्षभराने काही उमगत नाही. त्यामुळे असं लिहा: ‘वय ३ वर्षं ४ महिने. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, नाशिकला गोदेला पूर, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती छातीपर्यंत बुडालेली. पुलावरून बघताना म्हणाली.’ तारीख, वय, जागा, कोणाला म्हणाली, एवढं बास.

लगेच लिहिणं जमत नसेल तर फोनवर स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा आणि त्याच रात्री उतरवा. मुलाच्या तोंडासमोर फोन धरू नका, ते बोलायचं थांबतं किंवा नाटकी बोलू लागतं.

पाहुण्यांसमोर ‘परत म्हण ना’ हा आग्रह तर नकोच. त्याने ते मनापासून म्हटलेलं असतं; सगळे हसले की बिचारं हिरमुसतं.