‘कॅमेरा’ म्हणजे खोली : शब्दाचं मूळ शोधताना या चुका टाळा

मी भाषांतरं तपासते. एक चूक इतक्यांदा हाताखालून गेली आहे की आधी तीच सांगते. ‘इन कॅमेरा’ म्हणजे कॅमेऱ्यासमोर नव्हे!

एकदा बलात्काराच्या खटल्यातल्या आदेशाचं मराठी माझ्याकडे आलं. न्यायाधीशांनी सुनावणी ‘इन कॅमेरा’ घ्यायला सांगितली होती, म्हणजे बंद दाराआड. मराठीत उतरलं होतं, ‘सुनावणीचं चित्रीकरण करावं.’ जिला लोकांच्या नजरेपासून जपायचं, तिच्यासमोरच कॅमेरा नेऊन ठेवला! भाषांतर करणाऱ्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, “मॅडम, ओळखीचा शब्द होता, त्यात काय बघायचं?” ओळखीचा वाटतो तोच शब्द मी आधी कोशात बघते. ते पान त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतलं, तेही माझ्यासमोर बसवून.

लॅटिनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छत. शब्द ग्रीक ‘कामारा’वरून आलेला. पुढे तसं छत असलेली खोली, मग कुठलीही खोली. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1604 मध्ये ‘कामेरा ऑब्स्क्युरा’ म्हणजे अंधारी खोली हे नाव वापरलं. भोकातून आलेल्या उजेडाने समोरच्या भिंतीवर उलटं चित्र उमटतं, ती खोली. तीच आक्रसून पेटी झाली, ‘अंधारी’ गळालं आणि ‘खोली’ उरली. कोर्टाने मात्र जुना अर्थ सोडला नाही. आपल्या बातम्यांतलं ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ खरंच चित्रीकरणासह केलेलं असतं, तेव्हा वाक्य पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका.

दुसरी खोड, कानावर भरवसा ठेवायची. जर्मन ‘त्सिमर’ म्हणजे खोली, म्हणून ती ‘कामेरा’ची बहीण ठरवतात. ती इंग्रजी ‘टिंबर’ म्हणजे लाकूड, त्या शब्दाच्या कुळातली. जर्मनमधली खरी बहीण ‘कामर’. उलट फ्रेंच ‘शांब्र’, म्हणजेही खोलीच, परकी वाटते, पण सख्खी आहे. फ्रेंचमध्ये लॅटिन ‘का’चा पुष्कळदा ‘श’ होतो: ‘कान्तारे’चं ‘शाँते’, गाणं म्हणणं. मधला स्वर गळून ‘म’ आणि ‘र’ शेजारी आले, की बोलताना ‘ब’ आपोआप येतो. ‘कामरा’ दहादा भरभर म्हणून बघा. मी पुटपुटल्याशिवाय कुठलंच मूळ वहीत लिहीत नाही.

इटलीतल्या हॉटेलात ‘कामेरा’ म्हणजे तुमची खोली. फोटोच्या यंत्राला ‘माक्किना फोतोग्राफिका’ म्हणतात.

‘कॉम्रेड’चं मूळ पक्षात शोधू नका. तो स्पॅनिश ‘कामारादा’वरून आला, म्हणजे एका खोलीत राहणारे.

आणि हिंदी ‘कमरा’ला संस्कृत धातू चिकटवणारे फॉरवर्ड मला पाठवू नका. तो पोर्तुगीज ‘कामरा’तून आला.