पायाला प्लास्टर, साखरेला मोकळे रान : दुखापतीच्या काळात मधुमेहींनी या चुका टाळाव्यात

पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज सकाळी चढणाऱ्या आमच्या मधुमेही मंडळींपैकी दर पावसाळ्यात कोणी ना कोणी घसरते, आणि त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत त्याच त्या चुका नव्या उत्साहाने केल्या जातात.

सर्वांत संतापजनक चूक म्हणजे चालणे बंद पडताच साखर तपासणेही बंद करणे. 'वाढलेलीच असणार, बघून कशाला जीव घाबरा करायचा' हा युक्तिवाद मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकला आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील ग्लुकोज ओढून घेतो आणि व्यायामाचा हा फायदा साधारण एक-दोन दिवसच टिकतो. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साखर त्याच आठवड्यात चढू लागते. त्यात वेदना आणि ताण यांमुळे कॉर्टिसॉल व ॲड्रेनलिन ही साखर चढवणारी संप्रेरके वाढतात, आणि गुडघ्यात किंवा खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर पुढचे काही दिवस आकडे चांगलेच उसळतात. म्हणून मधुमेह असल्याचे हाडांच्या डॉक्टरांना इंजेक्शनच्या आधी सांगावे, नंतर नव्हे. दुखापतीच्या काळात मी सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून आकडा कालनिर्णयावर लिहितो, कारण वही हरवते, भिंत हरवत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीवर विसंबून राहणाऱ्यांना या आठवड्यात काय बिघडले, हे कळणारच नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. घोट्याचे लिगामेंट फाटून सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतो, तेव्हा चढलेले आकडे पाहून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीचा डोस वाढवला होता. प्लास्टर निघून थोडे दिवस घरातल्या घरात चालल्यावर फिजिओथेरपिस्टने सपाटीवर दहा मिनिटे चालण्याची परवानगी दिली. मी मात्र अंगातली खुमखुमी जिरवण्यासाठी वाढवलेली गोळी घेऊन, न्याहारी न करता, थेट पर्वती गाठली. निम्म्या पायऱ्यांवर दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि चढलेल्या पायऱ्यांची संख्या काही केल्या आठवेना. सोबतच्या एका काकांनी थर्मासमधला गोड चहा पाजला म्हणून निभावले. खाली आल्यावर मोजलेली साखर चहा पिऊनही ६४ होती. बंद काळात वाढवलेले औषध व्यायाम सुरू होताना पुन्हा कमी करावे लागू शकते, आणि तो निर्णय डॉक्टरांनी आकडे पाहून घ्यायचा असतो, आपण अंदाजाने नव्हे. तेव्हापासून माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी असते आणि साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी मी पुन्हा तपासतो. 'जुन्या वेगावर कधी येणार?' असे पहिल्याच दिवशी विचारणाऱ्या नवशिक्यांना मी आता उत्तर देत नाही, त्यांच्या खिशात काय आहे तेवढे विचारतो.

हाड जुळावे म्हणून नातेवाईक डिंकाचे लाडू आणतात; त्यांच्या मायेचा मान ठेवावा आणि डबा नातवंडांकडे द्यावा. पाय मोडला म्हणजे हातही मोडले असे समजू नये. डॉक्टरांची हरकत नसेल तर खुर्चीत बसून एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलाव्यात. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने दुकानातून आणून आठवडाभर खाऊ नयेत, कारण मधुमेहींच्या मूत्रपिंडांवर आधीच भार असतो.

पायाला मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी झाली असेल, तर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक मुळीच घेऊ नये. कातडी भाजल्याचे कळतसुद्धा नाही. अशा पायाचा घोटा सुजला, लाल झाला आणि दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला, पण दुखत मात्र फारसा नाही, तर 'मुरगळला असेल' म्हणून लेप लावून बसू नये. ती शार्को विकाराची, म्हणजे आतली हाडे ठिसूळ होऊन मोडू लागल्याची खूण असू शकते. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.