घरी बांधलेल्या विमानाची वायरिंग: डायनमो गेला असं धरून सुरुवात करा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं कंट्रोल पॅनल वायरिंगचं काम आहे. दिंडोरी रोडला एका शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधणाऱ्या दोस्तांनी विजेचं खातं माझ्या गळ्यात घातलं, ते त्यामुळेच. कारखान्यात पॅनल बंद पडलं तर लाइन थांबते, सुपरवायझर ओरडतो आणि आपण टेस्टर घेऊन पळतो. वर ती सोय नाही. म्हणून ड्रॉइंग काढायच्या आधी एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हवेत डायनमो गेला, तर काय काय चालू राहायला हवं आणि किती वेळ?

आमचं इंजिन रोटॅक्स ९१२, कार्ब्युरेटरवालं. त्याचं इग्निशन स्वतःच्या कॉइलवर चालतं, बॅटरी मेली तरी इंजिन फिरत राहतं. (९१२ आयएस घेणार असाल तर तिथे इंजेक्शनलाच वीज लागते, तो हिशोब पूर्ण वेगळा.) आतला डायनमो साधारण २५० वॉटचा, म्हणजे जोरात फिरताना १८ अँपिअरच्या आसपास. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर हळू चालवताना, तेवढे मिळतील या भरवशावर राहू नका.

आता वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे सगळा लोड. आमचा असा: रेडिओ ऐकताना अर्धा अँपिअर, बोलताना दोन, ट्रान्सपॉन्डर (रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र) एक, स्क्रीन दीड, इंधनाचा इलेक्ट्रिक पंप दीड, विंगवरचे एलईडी आणि स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे) तीन, लँडिंग लाइट चार, मास्टर कॉन्टॅक्टरची (बॅटरी मुख्य लाइनला जोडणारा विजेवरचा स्विच) कॉइल पाऊण. सगळं मिळून चौदाच्या घरात. १८ च्या ८० टक्क्यांत कसंबसं बसतं, म्हणून सीटमागे मोबाइल चार्जर हवाच म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हटलं. उजव्या रकान्यात डायनमो गेल्यावरही चालू हवं तेवढंच, म्हणजे फक्त रेडिओ, ट्रान्सपॉन्डर आणि स्क्रीन: ३ अँपिअर. इंजिनवर मेकॅनिकल पंप असतोच, इलेक्ट्रिक पंप तेव्हा बंद.

बॅटरी १७ अँपिअर-तासांची. पण ती जुनी होणार, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडात जरा लवकरच होणार. म्हणून १० च धरा. चौदाच्या लोडवर ती पाऊण तासही काढत नाही. तीनच्या लोडवर तीन तास. सगळं डिझाइन या एका फरकावर उभं आहे.

हा फरक हातात यावा म्हणून उजव्या रकान्याला स्वतःची बस, म्हणजे वीज वाटून देणारी पट्टी, द्या. तिला दोन वाटांनी वीज येते: एरवी मुख्य बसकडून डायोडमधून, आणि गरज पडली की वेगळ्या स्विचमधून थेट बॅटरीकडून. डायनमो गेला की हा स्विच चालू आणि मास्टर बंद. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पाऊण अँपिअरही वाचतो. बॅटरीकडून येणारी ती वायर कायम जिवंत असते, तेव्हा तिचा फ्यूज बॅटरीला खेटून बसवा, पॅनलमध्ये नाही.

डायनमो गेला हे पायलटला कळायला तर हवं. व्होल्टमीटरकडे कोणी टक लावून बसत नाही. १३ व्होल्टच्या खाली लुकलुकणारा लाल दिवा डोळ्यांसमोर लावा. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगशिवाय १३ च्या वर टिकत नाही, त्यामुळे दिवा लगेच बोलतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मात्र नुसती ठेवली तरी १३.३ दाखवते, तिथे हाच आकडा ठेवलात तर दिवा उशिरा जागा होईल. उलट बाजूही सांभाळा: रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज १६ च्या वर गेलं तर डायनमो तोडणारा रिले हवाच.

फ्यूज वायरसाठी असतो, उपकरणासाठी नाही. २२ गेजच्या (एडब्ल्यूजी) वायरला ५ अँपिअर, १८ ला १०, यापेक्षा वर जाऊ नका. आणि कृपा करून घरगुती पीव्हीसी वायर वापरू नका. ती जळली की बंद कॉकपिटमध्ये विषारी धूर भरतो. विमानासाठीची टेफझेल आवरणाची वायर महाग पडते, पण १५० अंशांपर्यंत तिला काही होत नाही. थिंबल (वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टर्मिनल) चांगल्या रॅचेट क्रिंपरनेच दाबा आणि प्रत्येक जोड हाताने ओढून बघा. सोल्डर केलेली वायर कंपनाने नेमकी सोल्डर संपतो तिथे तुटते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका शेडवर येतात. त्यांना प्लॅस्टिकचे टाय बघवत नाहीत. मेणाच्या दोऱ्याने वायरींची जुडी बांधायला त्यांनीच शिकवलं. गाठ सपाट बसते आणि शेजारच्या वायरीला टायसारखी कड लागत नाही.

जास्त वेळ द्या अर्थिंगला. इंजिन रबरी माउंटवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह अशी जाड पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर; इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, प्रोपेलरपाशी कोणी नाही याची खात्री, मग एकाने स्टार्टर मारायचा. ०.२ व्होल्टच्या आत राहिलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर थिंबल उघडा. खाली रंग किंवा गंज सापडतोच. फायबरच्या विमानात बॉडीतून करंट जात नाही, तिथे प्रत्येक उपकरणाची परतीची वायर एकाच जागी आणा. हेडफोनमधली घूंऽऽ बहुतेक वेळा त्यानेच जाते.

पहिल्या उड्डाणाआधी, आणि मग दर वर्षी, एक सकाळ राखून ठेवा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, इंजिन बंद, फक्त उजव्या रकान्याची बस चालू. ११ व्होल्टला यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. जो वेळ येईल त्याचा निम्मा पॅनलवर लिहून चिकटवा. तोही तासाच्या खाली आला तर बॅटरी बदला, ती स्टार्टर अजून फिरवत असली तरी.