फोन जोडला, पण फोटो कुठंय? कॉम्प्युटर आणि ब्लूटूथचं गणित

परवा दुकानात एक नाना आले. कपाशीवरच्या बोंडअळीचे फोटो मोबाईलमध्ये, अर्जाची शेवटची तारीख डोक्यावर. "भाऊ, मना मोबाईलना फोटू कॉम्प्युटरमा येत नही." घरी नातवाने लॅपटॉपला फोन जोडून दिला होता, पडद्यावर 'पेअर्ड' असंही येत होतं. फोटो मात्र काही केल्या जाईना. नातवाचं चुकलं नव्हतं, त्याचं काम अर्ध्यावर राहिलं होतं.

अमळनेरला आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. तिथे रोज दिसणारा घोळ हाच. ब्लूटूथमध्ये जोडणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. पेअर होणं म्हणजे सोयरीक जमणं. दोन घरांची ओळख पटली, एवढंच. सामान पोचवायचं तर त्याची तयारी निराळी करावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅप असताना हा खटाटोप कशाला, असं लोक विचारतात. एक तर तिथे साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो आणि सातबाऱ्यावरचे बारीक आकडे पुसट होतात. दुसरं म्हणजे परक्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सअ‍ॅप उघडून तसंच गावी निघून जाणारे रोज एक-दोन असतात. केबल चांगलीच, पण खिशातली केबल बहुतेक वेळा फक्त चार्जिंगची निघते.

आधी ओळख

कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ आहे का ते पाहा. लॅपटॉपमध्ये बहुतेक असतंच, जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक नसतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ चालू-बंद करायचं बटणच दिसत नसेल, तर यूएसबीत खोचून ब्लूटूथ देणारा नखाएवढा तुकडा, म्हणजे डोंगल, काही शे रुपयांत मिळतो. विंडोज १० आणि ११ ला त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) बहुधा आपोआप सापडतो. डोंगल शक्यतो निळ्या यूएसबी ३ पोर्टात खुपसू नका. त्या पोर्टातून आणि त्याला लावलेल्या हार्ड डिस्कमधून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, आणि ब्लूटूथही तिथेच बोलतं. काळं पोर्ट वापरा, नाहीतर हातभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल लांब ठेवा.

आता फोनवर ब्लूटूथ चालू करा आणि ब्लूटूथचंच पान उघडं ठेवा. बहुतेक अँड्रॉइड फोन हे पान उघडं असेपर्यंतच इतरांना दिसतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', मग 'अ‍ॅड डिव्हाइस'. विंडोज १० मध्ये हेच 'डिव्हायसेस' या नावाखाली मिळेल. यादीत फोनचं नाव आलं की त्यावर क्लिक करा. दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतील. ते सारखे आहेत ना, हे खरंच वाचून मग दोन्हीकडे होकार द्या. आमच्या दुकानात एकाच मॉडेलचे तीन फोन एकदम यादीत दिसतात. आकडे न बघता 'यस' दाबलं तर फोन नानांचा आणि जोडला बाकावर बसलेल्या दुसऱ्याच कुणाचा, असं होतं. म्हणून फोनला स्वतःचं नाव द्या. 'अबाउट फोन'मध्ये ते बदलता येतं.

मग पाठवणी

नातवाची गाडी इथे अडली होती. विंडोज कॉम्प्युटर फाइल आपणहून घेत नाही, त्याला आधी 'घ्यायला बस' असं सांगावं लागतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळाजवळच्या छोट्या बाणात ब्लूटूथचं चिन्ह असतं. त्यावर उजवं क्लिक करून 'रिसीव्ह अ फाइल' निवडा. चिन्ह नसेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत एफ, एस, क्यू, यू, आय, आर, टी ही अक्षरं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारा. तीच खिडकी उघडते. तिथे 'रिसीव्ह फाइल्स' दाबलं की कॉम्प्युटर वाट पाहत बसतो.

ही खिडकी उघडी असतानाच फोनवर फोटो निवडा, 'शेअर' दाबा, ब्लूटूथ निवडा, कॉम्प्युटरच्या नावावर बोट ठेवा. हिरवी पट्टी सरकायला लागेल. पट्टी संपली की खिडकी विचारते, फाइल कुठे ठेवू? जागा नीट वाचा आणि 'फिनिश' दाबा. घाईत 'कॅन्सल' दाबून खिडकी मिटवली तर आलेला फोटोही जातो. मी स्वतः एकदा एका मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेचे सहा फोटो असे घालवले. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, आणि ते जास्त लागलं. आणखी एक: ही खिडकी एका खेपेपुरतीच असते. दुसऱ्यांदा पाठवायचं तर पुन्हा उघडायची.

उलट दिशेने सोपं आहे. फाइलवर उजवं क्लिक, 'सेंड टू', 'ब्लूटूथ डिव्हाइस'. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. फोनवर सूचना येते, ती स्वीकारा. फाइल फोनच्या 'डाउनलोड' नाहीतर 'ब्लूटूथ' फोल्डरमध्ये सापडेल.

वेगाबद्दल फार आशा ठेवू नका. फाइल पाठवणाऱ्या ब्लूटूथची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला ३ मेगाबिट, हाती पडतात दोनच्या आसपास (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). म्हणजे ४ एमबीचा फोटो १५-२० सेकंदांत जातो, पण लग्नाचा १ जीबीचा व्हिडिओ तासाभराहून जास्त खातो. डोंगलच्या डबीवर '५.०' लिहिलं म्हणून हा वेग वाढत नाही. त्या आवृत्तीतली वाढ कमी विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या ब्लूटूथसाठी आहे. लग्नाचा व्हिडिओ असेल तर सरळ केबल शोधा.

आयफोनवाल्यांना आधीच सांगतो: फोटो ब्लूटूथने विंडोजला पाठवायची सोयच आयफोनमध्ये नाही. एअरड्रॉप ही अ‍ॅपलची स्वतःची फाइल पाठवायची सोय आहे, पण ती विंडोजला चालत नाही. तिथे केबल किंवा ईमेल.

हेडफोन, कीबोर्ड आणि बाकी

हेडफोनला पडदा नसतो, म्हणून त्याला हातानेच जोडणीच्या अवस्थेत आणावं लागतं. बटण पाच-सात सेकंद दाबून ठेवा, दिवा भराभर लुकलुकायला लागला की तो तयार. इअरबड्सच्या बाबतीत बहुधा डबीवरचं बटण असतं. मग पुन्हा तेच 'अ‍ॅड डिव्हाइस'.

तरी यादीत येत नसेल, तर तो आधीच्या सोबत्याला चिकटला आहे असं समजा. माझा नेकबँड घरी हटकून आईच्या मोबाईलला जाऊन मिळायचा. मी दुकानाच्या वरच्या खोलीत मीटिंगला बसलेलो, आणि कानात भाच्याने लावलेलं कार्टून. जुन्या फोनचं ब्लूटूथ क्षणभर बंद करा, काम होतं.

मीटिंग सुरू झाली की गाण्याचा गोड आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो, ही तक्रार फार येते. हेडफोन बिघडलेला नसतो. नुसतं ऐकताना सगळी वाट स्टिरिओ आवाजाला मिळते. माइक सुरू झाला की 'हँड्स-फ्री' नावाची दुसरी पद्धत लागू होते आणि आवाजाची प्रत खाली येते. उपाय साधा: बोलायला लॅपटॉपचा माइक निवडा, ऐकायला हेडफोन.

कीबोर्ड जोडताना पडद्यावर आकडे येतात, ते त्याच नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं. माउसला तेही लागत नाही. जुन्या स्पीकरने पिन मागितला तर ०००० किंवा १२३४ टाकून पाहा.

काहीच जमत नसेल तर दोन्हीकडून जोडणी काढून टाका, कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' करा ('शट डाउन' नव्हे, त्यात विंडोज अर्धवट झोपलेलं राहू शकतं) आणि सोयरीक नव्याने जमवा. फोन आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत ठेवा. साधारण दहा मीटर ही मोकळ्यातली गोष्ट, मधे आमच्याकडची जुनी धाब्याच्या घराची जाड भिंत आली की त्यातलं फार थोडं उरतं.

कॉम्प्युटर दुकानातला असेल तर निघण्यापूर्वी दोन कामं करा. फाइल जिथे ठेवली तिथून स्वतः पुसा, रीसायकल बिनमधूनही. मग सेटिंग्जमध्ये आपल्या फोनच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर जाऊन 'रिमूव्ह डिव्हाइस' दाबा, आणि फोनमधूनही ते नाव काढा. नानांनी हे माझ्याकडून दोनदा करवून घेतलं, चष्मा लावून यादी वरून खालपर्यंत वाचली, आणि त्यात राहिलेला दुसऱ्या कुणाचा तरी फोन बोटाने दाखवला. "मंग हाऊ कोना शे?"