भोसरीतला जुना गाळा हरित उद्योगासाठी घेताना

भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या जुन्या शेडमध्ये बॅटरी पॅकची जुळणी किंवा ईव्हीचे सुटे भाग सुरू करायचे ठरले की बहुतेक जण सगळ्यात आधी सोलरवाल्याला बोलावतात. आधी जमीन बघा, मग छप्पर. विजेचं काम शेवटी.

गाळ्यात पूर्वी प्लेटिंग (धातूवर क्रोमसारखा मुलामा देण्याचं काम) चालायचं का, हे आजूबाजूला विचारा. मालकाकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं मागून घ्या. टाक्यांच्या जागी कोब्यावर पिवळट-हिरवे डाग, भेगांच्या कडेला पिवळी पूड दिसली, तर हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, खाली मुरलंय असं धरूनच चाला. टाकीखाली, गटाराच्या वळणावर आणि रसायनांच्या कोपऱ्यात कोबा फोडून 30 सेंटिमीटर, 1 मीटर आणि खडकालगतची माती घ्या. नमुने एकत्र कालवू नका. कालवले की एका जागचं विष सरासरीत दडतं आणि अहवाल स्वच्छ येतो. बोअरचं पाणी बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा.

इथे मुरमाखाली बेसॉल्ट आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून फिरतं. कंपाउंडची भिंत त्याला अडवत नाही, म्हणून लगतच्या प्लॉटधारकांनी मिळून तपासणी करावी, खर्चही वाटला जातो. दूषित माती निघाली तर ती रीतसर नोंद करून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडेच जायला हवी. रात्रीच्या डंपरने नाल्याकाठी टाकलेली माती शेवटी पवना-इंद्रायणीतच उतरते.

अशा जमिनीत शोषखड्डा करू नका, पावसाचं पाणी क्रोमियमला आणखी खाली ढकलतं. 1000 चौरस मीटर छपरावरून, वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर साडेपाच लाख लिटर मिळू शकतं. ते टाकीत साठवून वापरा.

छपरावर सिमेंटचे ॲस्बेस्टॉस पत्रे असतील तर त्यांना ड्रिल लावू नका, तंतू हवेत उडतात. पत्रे ओले करा, हुक कापा, अख्खे उतरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. नवे पत्रे चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कैच्या आणि पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात ते आडवे दांडे) तपासून घ्या. पॅनेल आणि स्टँडचं वजन चौरस मीटरला साधारण 15 किलो येतं, पण खरा धोका वाऱ्याच्या उचलीचा. पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर धरतात.

100 किलोवॉट सोलरला उतरत्या पत्र्यावर, चालायची वाट धरून, सुमारे 700 चौरस मीटर सावलीमुक्त जागा लागते. वर्षाला साधारण 1.4 लाख युनिट मिळतात. शेजारी पावडर कोटिंग किंवा फाउंड्री असेल तर पॅनेल धुण्यासाठी छपरापर्यंत पाण्याची लाइन आधीच काढून ठेवा.