जुन्या घराभोवतीची झाडे कशी ओळखावीत आणि त्यांचे वय कसे काढावे

जुने शेतघर ताब्यात आले की पहिला मोह होतो झाडे तोडून जागा मोकळी करण्याचा. निदान एक वर्ष कुऱ्हाड लावू नका. पानगळ, पालवी, मोहोर आणि फळ पाहिल्याशिवाय सगळी झाडे ओळखता येत नाहीत. शिवाय घर केव्हा बांधले, कुंपण केव्हा घातले, याचा पुरावा कधी कधी त्या झाडांपाशीच असतो.

१. नकाशा काढा

कागदावर घर, विहीर, बांध, कुंपण मांडून प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. क्रमांकाची चकती खिळ्याने ठोकू नका, सैल दोरीने बांधा आणि दरवर्षी दोरी ढिली करा. नाहीतर ती सालीत रुतते. एका ओळीत, सारख्या अंतरावर असलेली झाडे बहुधा कोणीतरी लावलेली असतात. कुंपणाखाली, भिंतीच्या खाचेत वाढलेली बहुतेक पक्ष्यांच्या विष्ठेतल्या बियांची.

२. झाड ओळखा

आधी पान कुठे सुरू होते ते पाहा. खऱ्या पानाच्या देठाच्या बेचक्यात डोळा (फुटव्याची कळी) असतो, पर्णिकेच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पात्याच्या, बेचक्यात नसतो. इथेच कडुनिंब आणि बकाणा निंबाची गल्लत सुटते: कडुनिंबाच्या एकाच दांड्यावर दोन्ही बाजूंनी पर्णिका असतात, तर बकाण्याचा दांडा पुन्हा फुटतो आणि पर्णिका त्या उपदांड्यांवर येतात. वड, पिंपळ, उंबर यांचे पान तोडले की पांढरा चीक येतो आणि कोवळ्या फांदीवर पेराशी गोल कडी दिसते. अनोळखी चीक हाताला लावून पाहू नका. बिब्ब्याच्या चिकाने कातडी भाजते.

आंबा कलमी की रायवळ हे खोड सांगते. कलमी असेल तर जमिनीजवळ सांध्याचा फुगवटा किंवा सालीचा बदललेला पोत आढळतो आणि फांद्या बहुधा खालूनच फुटतात. मोकळ्या जागेतला रायवळही उंच, सरळ जातो.

३. घेर मोजा

जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप खोडाला घट्ट, आडवी फिरवा. उतारावर वरच्या बाजूने उंची धरा. त्याच उंचीवर गाठ किंवा बेचके असेल तर खाली सर्वांत अरुंद जागी मोजा आणि ती उंची लिहून ठेवा. घेराला ३.१४ ने भागले की व्यास.

आता जवळपास त्याच जातीचे, लावल्याचे वर्ष ठाऊक असलेले झाड शोधा. ४० वर्षांच्या झाडाचा घेर १८० सेंटीमीटर असेल तर वर्षाला ४.५ सेंटीमीटर. तुमचे झाड २७० सेंटीमीटरचे असेल तर हिशेबाने ६० वर्षे येतात. पण म्हातारपणी वाढ मंदावते, म्हणून '६० ते ८०' असे लिहा. विहिरीच्या ओलीवरचे झाड आणि मुरमाड उतारावरचे झाड यांची तुलना मात्र करू नका, तिथे चूक हमखास होते.

वडाला हे गणित लावूच नये. पारंब्या खोडात मिसळतात, त्यामुळे घेर एका खोडाचा राहत नाही.

४. वलये आणि खुणा मोजा

सागाच्या खोडात वार्षिक वलये स्पष्ट असतात. वाळलेला बुंधा असेल तर आधी ८० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ओला करा आणि दोन वेगवेगळ्या त्रिज्यांवर मोजा. मध्येच पाने झडून पुन्हा फुटली तर खोटे वलय पडते; ते पूर्ण गोल फिरत नाही, यावरून ओळखता येते. बुंध्याच्या उंचीपर्यंत वाढायला लागलेली वर्षे वेगळी मिळवा. जिवंत जुन्या झाडात गिरमीट घालू नका, त्या भोकातून बुरशी आत शिरते.

नारळाला वलये नसतात, पण गळलेल्या प्रत्येक झावळीची खूण खोडावर राहते. चांगला वाढलेला नारळ वर्षाला साधारण १२ ते १४ झावळ्या टाकतो. ३९० खुणा म्हणजे सुमारे ३० वर्षे, शिवाय खोड दिसू लागण्याआधीची ४-५. वरच्या खुणा फोटो मोठा करून मोजा. दुष्काळात झावळ्या कमी येतात, म्हणून खरे वय यापेक्षा जास्त निघू शकते.

५. भिंत आणि तार पाहा

भिंत खोडाला वळसा घालून गेली असेल तर झाड आधीचे. मुळाने चिरे उचलले असतील, तडा बुंध्यापासून पसरत गेला असेल, तर झाड बहुधा नंतरचे.

कुंपणाची तार खोडात रुतलेली असेल तर तो फार चांगला पुरावा. झाड उंच होते ते शेंड्याकडून. खोडात ठोकलेला खिळा त्याच उंचीवर राहतो. तारेच्या रेषेत सुतळी ताणा आणि सुतळीपासून सालीच्या बाहेरच्या कडेपर्यंत अंतर मोजा. कुंपण १८ वर्षांचे आणि अंतर ९ सेंटीमीटर असेल, तर त्रिज्या वर्षाला अर्धा सेंटीमीटर वाढली, म्हणजे घेर सुमारे ३ सेंटीमीटर. हा दर त्याच झाडाचा आहे, शेजारच्या झाडाचा नाही. अशा खोडावर साखळी करवत चालवू नका. आतल्या लोखंडाने साखळी तुटून माणूस जखमी होऊ शकतो.

परदेशी झाडे वयाला वरची मर्यादा घालतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस तो १८२० च्या दशकात आला. तेव्हा आवारातला गुलमोहर 'तीनशे वर्षांचा' असे कोणी सांगितले तर मान्य करू नका.

६. नोंद लिहा

क्रमांक, जात, मोजण्याची तारीख, घेर, मोजलेली उंची, वयाचा पल्ला आणि तो कशावरून काढला, एवढे प्रत्येक झाडासमोर लिहा. पाच वर्षांनी त्याच उंचीवर पुन्हा टेप लावा.